काच पुसायला नेमकं कुठलं फडकं घ्यावं? (धंद्यासाठी विचारतेय, घरासाठी नाही)

नंदा_गोरेगाव

नमस्कार मंडळी. वाचत असते इथे नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी आणि माझ्या भावाची छोटी हाउसकीपिंग एजन्सी आहे, गोरेगाव ते अंधेरी या पट्ट्यात. आत्तापर्यंत सोसायट्यांचे जिने, लॉबी, पार्किंग असलं काम होतं. आता दोन ऑफिसांनी काचांचं काम देऊ केलंय. आतल्या सगळ्या खिडक्या, मीटिंग रूमची पार्टिशनं, दरवाजे आणि तळमजल्याच्या बाहेरच्या काचा. उंचावरचं काम आम्ही घेत नाही.

आता प्रश्न फडक्यांचा. पोरं सध्या बाजारात मिळणारी रंगीत मायक्रोफायबरची फडकी वापरतात. पुसताना काच छान दिसते, पोरगा पुढच्या खिडकीकडे जातो, आणि ऊन आलं की सगळ्या काचेवर गोल गोल रेघा उठतात. मग क्लायंट बोलावतो, परत पुसा, परत तेच. भाऊ म्हणतो मंगळदास मार्केटातून कॉटनचे नॅपकीन होलसेलमध्ये उचलू. सप्लायर म्हणतो ताई महागातलं मायक्रोफायबर घ्या, बघा फरक. आई म्हणते जुनं धोतर फाडा आणि गप्प बसा. माझं स्वतःचं मत मायक्रोफायबरकडे झुकतंय, पण एकदम मोठा लॉट घ्यायच्या आधी ज्यांचे हात रोज काचेला लागतात त्यांनी सांगावं. कापड कुठलं, जाडी किती, माणशी किती लागतात आणि धुवायची कशी?

मीनल_पार्ले

वर्तमानपत्र. बादलीत पाणी, त्यात थोडं व्हिनेगर, पेपरचा बोळा करून पुसायचं. आमच्याकडे दर दिवाळीला असंच होतं आणि काच लख्ख निघते. एक रुपया खर्च नाही.

केदार_७२

मीनलताई, घरात ठीक आहे. ऑफिसात पेपर घेऊन गेलं की दोन अडचणी. एक म्हणजे ओली शाई पांढऱ्या स्लायडिंगच्या चौकटीला लागते आणि ती काढायला काचेपेक्षा जास्त वेळ जातो. दुसरं, पेपर भिजला की दोन मिनिटांत लगदा. चार खिडक्यांना चालेल, चाळीस खिडक्यांना रद्दीवाला सोबत न्यावा लागेल :)

अव्या_अंबरनाथ

आणि हल्ली घरी पेपर येतो कुणाकडे? आमच्या मजल्यावर फक्त शेजारचे आजोबा घेतात, ते शब्दकोडं सुटेपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत.

दोरीवरचा_माणूस

नंदाताई, मी फसाड क्लीनिंगमध्ये आहे, म्हणजे उंच इमारतींच्या बाहेरच्या काचांची सफाई, दोरीवर बसून काम करतो, बीकेसी, लोअर परळ, कधी नरिमन पॉइंट. तुमचा प्रश्न फडक्याचा आहे पण उत्तर थोडं अलीकडून सुरू करावं लागेल.

काच फडक्याने साफ होत नाही. फडक्याने काच फक्त संपवायची असते. रेघा येतात त्या पाण्याच्या नाहीत, पाण्यात विरघळलेला साबण, मळ आणि क्षार काचेवरच राहतो त्याच्या आहेत. फडकं फिरवलं की तोच मळ गोल फिरतो, पातळ होतो, ओला असेपर्यंत दिसत नाही आणि ऊन आलं की दिसतो. तुमच्या पोरांचा हात वाईट नाहीये, पद्धतीतच ते होणार.

पद्धत अशी. आधी ओला स्लीव्ह, म्हणजे टी आकाराच्या दांड्यावर चढवलेलं केसाळ कापड, त्याने काच भरपूर ओली करून घासायची. बादलीत भांड्याच्या लिक्विडचे मोजके थेंब, जास्त नाही, फेस म्हणजे सफाई असं पोरांच्या डोक्यात असतं ते काढा. मग रबराचा वायपर, स्क्वीजी, वरून खाली किंवा आडव्या नागमोडी हाताने. पाणी काचेवरून उचलून खाली न्यायचं, फिरवायचं नाही. हे हत्यार आजचं नाही, एट्टोरे स्टेकोने नावाच्या माणसाने अमेरिकेत ओकलंडला १९३६ मध्ये पितळेच्या हलक्या स्क्वीजीचं पेटंट घेतलं, आम्ही आज जे धरतो ते जवळपास तसंच आहे. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. आणि रबराची धार गेली की रबर उलटं करायचं किंवा बदलायचं, पैसे वाचवायची जागा ती नाही.

एवढं झालं की काचेवर फक्त कडेला चौकटीलगत बारीक ओलावा उरतो. फडक्याचं काम इथे सुरू होतं. बोटाला गुंडाळून कडा पुसायच्या, खालची पट्टी पुसायची, संपलं. काचेच्या मधे फडकं न्यायचंच नाही. म्हणून मला माणशी तीन प्रकार लागतात: कडांचं एक, रबर पुसायचं एक, आणि खालच्या पट्टीचं, ट्रॅकचं (स्लायडिंग सरकते ती खाच) जाड एक जे पाणी पितं. ट्रॅकमध्ये गेलेलं फडकं परत काचेवर आलं तर त्या पोराला मी खाली उतरवतो.

केदार_७२

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

नंदा_गोरेगाव

दोरीवरचे दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पण ऑफिसच्या आतल्या पार्टिशनला स्क्वीजी कशी चालवायची? खाली कार्पेट, शेजारी लोकांचे लॅपटॉप, वायरी. आणि दरवाजांवर तर नुसते बोटांचे ठसे असतात.

दोरीवरचा_माणूस

बरोबर प्रश्न आहे. आत फडक्याचं काम जास्त असतं. ठशांना दोन फडकी: पहिलं पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, नुसतं दमट, त्याने ठसे उचलायचे. लगेच मागोमाग दुसरं एकदम कोरडं. दोन्हीत वेळ जाऊ द्यायचा नाही, एसीत काच पटकन सुकते. फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा, नाहीतर थेंब उडून शेजारच्या लाकडावर डाग पडतात. मोठं पार्टिशन असेल तर खाली जाड टॉवेल अंथरा आणि स्क्वीजी कमी पाण्यात चालवा.

आणि फडकं चौघडी घाला. दोनदा दुमडलं की पुसायला आठ बाजू मिळतात, एक मळली की दुसरी काढायची. गोळा करून पुसणाऱ्याला आपण कुठली बाजू वापरतोय हेच कळत नाही.

वासुदेव_लालबाग

मी गिरणीत विव्हिंग खात्यात होतो. १९८२ च्या संपानंतर पुढे यंत्रमागाकडे गेलो, पण कापड हातात घेतल्याशिवाय मला अजून दुकानातून बाहेर पडवत नाही. फडक्यांची एवढी चर्चा चाललीय आणि विणीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

नंदाताई, तुमचे भाऊ कॉटनचे नॅपकीन म्हणतात, पण कॉटन म्हणजे काय ते ठरवा. टेरी म्हणजे फंद्यांची वीण. सोलापूरचे टॉवेल त्या विणीत बनतात, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, अंग पुसायला त्याच्यासारखं दुसरं नाही. कारण फंदे पाणी धरतात. पण तेच फंदे काचेवर घासले की तुटतात आणि तंतू सोडतात. ट्रॅक पुसायला, खाली अंथरायला टेरी घ्या. काचेला लावू नका.

काचेला सपाट वीण पाहिजे, बारीक आणि चांगल्या पिळाचं सूत पाहिजे. जुनं धोतर चांगलं का चालतं? सूत बारीक, वीण साधी, आणि वर्षानुवर्षं धुतल्यामुळे जे सुटायचे ते तंतू सुटून गेलेले असतात. तुमच्या आई बरोबर सांगतात. पण दुकानातून नवं धोतर किंवा मांजरपाट आणून फाडलंत तर तो गुण मिळणार नाही. मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ चढवतात, आम्ही सायझिंग म्हणायचो. ती कापडात असेपर्यंत कापड पाणी पीत नाही, उलट काचेवर पांढुरका थर सोडतं. नवं कॉटन कुठलंही असो, गरम पाण्यात तीन-चार धुण्या झाल्याशिवाय कामाला काढू नये.

आणखी एक, फाडलेल्या कापडाच्या कडेला दोरे सुटतात, तेवढ्यासाठी कडा शिवून घ्या. गल्लीत कुठलाही शिलाईवाला करून देईल.

मीनल_पार्ले

वासुदेवकाका, काय सुंदर लिहिलंत. आणि बनियन? जुने बनियन आमच्याकडे काचेला वापरतात.

वासुदेव_लालबाग

बनियन विणलेलं नसतं, ते होजियरी, एकाच धाग्याचे गुंफलेले फंदे. मऊ असतं आणि पाणी चांगलं पितं. पण ताणलं जातं त्यामुळे कडेला बोटाचा नेम राहत नाही. रबर पुसायला उत्तम. गॅरेजवाले किलोवर बनियन वेस्ट घेतात ते काचेसाठी घेऊ नका, त्यात कापड कुठलं, आधी कशात होतं काही सांगता येत नाही.

चिन्मय_डोंबिवली

आता मायक्रोफायबरची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून मी घेतो, टेक्सटाइल केमिकल्समध्ये काम करतो.

चांगलं मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, साधारण ८०-२० किंवा ७०-३० या प्रमाणात. धागा बनवताना दोन्ही एकत्र असतात आणि मग तो फोडला जातो, संत्र्याच्या फोडींसारखे त्याचे बारीक तुकडे होतात. एकेक तंतू १ डेनियरपेक्षा बारीक. गोल तंतू काचेवर घसरतो, फोडलेल्याला कडा असतात, त्या मळ उचलतात आणि मधल्या फटी पाणी ओढतात. म्हणून साबणाशिवाय नुसत्या पाण्यावर ठसे निघतात.

पण बाजारातल्या स्वस्त गठ्ठ्यात बऱ्याचदा नुसतं पॉलिएस्टर असतं किंवा धागा फोडलेलाच नसतो. ते पाणी पीत नाही, पुढे ढकलतं. नंदाताई, तुमच्या पोरांच्या हातात हेच असणार असा माझा अंदाज. तपासायला सोपं आहे: कोरड्या तळहातावरून हळू फिरवा, फोडलेलं असेल तर त्वचेला अडकतं, अगदी नको वाटेल असं. आणि टेबलावर चमचाभर पाणी सांडून एकाच हाताने ओढा. मागे थेंब राहिले तर सोडून द्या.

जाडी, म्हणजे जीएसएम, एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. काचेला २०० ते ३०० पुरे. ४०० च्या वरची गाडी वाळवायची लवदार टॉवेलं असतात, ती काचेला नकोत, लव जास्त म्हणजे मागे रेघ जास्त. काचेसाठी सपाट विणीचं, खवल्यांच्या नक्षीचं किंवा वॅफल, म्हणजे चौकोनी खळग्यांच्या विणीचं घ्या.

वासुदेव_लालबाग

चिन्मय, छान सांगितलंस. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे नव्या मंडळींसाठी जोडतो. १ डेनियर म्हणजे ९ किलोमीटर धागा आणि वजन अवघं एक ग्रॅम. आमच्या काळात इतकं बारीक आम्ही मागावर पाहिलं नव्हतं.

अव्या_अंबरनाथ

आमच्या ताईच्या लग्नात शालू निवडताना एवढा अभ्यास झाला नव्हता. धागा सोन्यासारखा चाललाय, चालू द्या.

सिस्टर_परळ

मी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत नोकरी केली आहे, निवृत्त आहे आता. तंतू न सोडणारं कापड म्हटलं की आम्हाला ओटीचं कापड आठवतं. जखमेत कापसाचा तंतू राहिला तर शरीर त्याच्याभोवती गाठ करतं, म्हणून तिथलं कापड या बाबतीत फार काटेकोर असतं. बाहेरच्या देशात ओटीत हात पुसायला निळे-हिरवे हकबॅक विणीचे कॉटन टॉवेल असतात, आणि माझा भाचा अमेरिकेत आहे तो सांगतो की तिथले काच साफ करणारे तेच टॉवेल वापरतात, सर्जिकल टॉवेल म्हणूनच विकतात.

आपल्याकडे प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानांत ओटीचं हिरवं कॉटन मीटरवर मिळतं. ते साधं विणलेलं असतं, हकबॅक नाही, पण वासुदेवकाका म्हणतात तसं चार धुण्या देऊन बघा. मात्र एक काळजी घ्या. हॉस्पिटलचं वापरलेलं कापड स्वस्तात मिळतंय म्हणून भंगारवाल्याकडून उचलू नका. पोरांच्या हातात ते जाणार आहे.

वासुदेव_लालबाग

सिस्टर, हकबॅक वीण मी ओळखतो. साध्या विणीत मधे मधे धागे मोकळे सोडतात त्यामुळे कापड सपाटही राहतं आणि पाणीही पितं. काचेला ते का चालतं हे लगेच पटलं.

रश्मी_लॉन्ड्री

कांदिवलीला माझं लॉन्ड्रीचं दुकान आहे. सगळे घ्यायचं कुठलं ते सांगतायत, पण दोन महिन्यांनी तीच फडकी वाया का जातात ते सांगते, कारण ती माझ्याकडे येतात.

पहिलं, फॅब्रिक सॉफ्टनर. वासासाठी घालतात. सॉफ्टनर कापडाच्या तंतूवर मेणचट थर चढवतो, कपडे मऊ लागतात ते त्यामुळेच. तोच थर मायक्रोफायबरच्या फटी बुजवतो आणि काचेवर उतरतो. कॉटनलाही तेच. काचेचं फडकं सॉफ्टनरच्या आसपास जाऊ देऊ नका, आणि ज्या मशीनमध्ये आधी सॉफ्टनर गेलाय त्यात एक नुसती पाण्याची धुणी काढून मग टाका.

दुसरं, पावडर. थंड आणि जड पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही, कापडात राहते, रेघा तिथून येतात. लिक्विड वापरा, कमी वापरा, आणि खंगाळणं एक जास्त करा.

तिसरं, सगळं एकत्र. मायक्रोफायबर आणि कॉटन एकाच मशीनमध्ये टाकलं की मायक्रोफायबर कॉटनचे सगळे तंतू धरून ठेवतं, मग ते काचेवर जातात. वेगळं धुवा. मायक्रोफायबर ६० अंशांपर्यंतच्या पाण्यात, ब्लीच नाही, इस्त्री नाही, उकळायचं नाही. कॉटन मात्र उकळा, त्याला काही होत नाही, तेलकटपणा निघून जातो.

आणि धोब्याकडे द्यायची असतील तर नीट सांगून द्या, सवयीने खळ आणि नीळ पडते.

मीनल_पार्ले

रश्मी, पावसाळ्यात काय करायचं? जुलैत आमची पंचे-पोतेरी तीन-तीन दिवस दमट राहतात आणि वास मारतात.

रश्मी_लॉन्ड्री

म्हणूनच मुंबईत मी धंदेवाल्यांना पावसाळ्यात मायक्रोफायबरच सांगते. पिळलं की निम्मं वाळतं, पंख्याखाली रात्रीत होतं. कॉटन जाड असेल तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत. कॉटन वापरायचंच असेल तर ड्रायरवाली लॉन्ड्री गाठा. आणि ओली फडकी बादलीत झाकून रात्रभर ठेवायची नाहीत, वासाचं मूळ तिथे असतं.

समीर_वर्सोवा

थोडं विषय सोडून. आमचं घर समुद्राकडे तोंड करून आहे. काच पुसली की चार दिवसांत पुन्हा धुरकट. शिवाय पांढरे ठिपके, ते तर कुठल्याच फडक्याने जात नाहीत. याला कुठलं कापड?

दोरीवरचा_माणूस

समीर, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुरकट थर मिठाचा, तो पाण्यात विरघळतो. आधी भरपूर पाण्याने धुवा, मग स्क्वीजी. कोरड्या फडक्याने पहिल्यांदा हात लावायचाच नाही. मिठाने काच सहसा ओरखडत नाही, ते काचेपेक्षा मऊ असतं. पण मुंबईच्या काचेवर नुसतं मीठ नसतं. आजूबाजूला रीडेव्हलपमेंट, मेट्रो, रस्त्यांची खोदकामं, त्याची वाळूची धूळ असते, आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ. मोहच्या मापावर, म्हणजे कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७. काच साडेपाच-सहाच्या आसपास. कोरडं फडकं त्या धुळीवर फिरलं की फडकं कितीही महागाचं असो, ओरखडा येणार. मला ऑफिसांच्या रिफ्लेक्टिव्ह काचांवर असे अर्धगोल ओरखडे रोज दिसतात, हाताच्या वळणाचे. तो आरशासारखा थर बाहेरच्या बाजूला असेल तर आणखी जपा.

पांढरे ठिपके पाण्यातल्या क्षारांचे. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या तलावांचं, पावसाचं साठलेलं, बऱ्यापैकी मऊ असतं. टँकर किंवा बोअरचं पाणी काचेवर वाळलं की ठिपका बसतो. ताजा असेल तर व्हिनेगर ओल्या कापडात घेऊन काही मिनिटं धरून ठेवा, मग धुवा. जुना झाला तर तो काचेत बसलेला असतो, पॉलिश करावा लागतो. कोणी ॲसिड मारून देतो म्हणाला तर हाकलून द्या. काही जण जे वापरतात त्यात हायड्रोफ्लोरिक असतं, ते काचही खातं आणि माणसाचं हाडही.

नंदा_गोरेगाव

हे फार कामाचं निघालं. एका ऑफिसात टँकरचंच पाणी येतं, मी बादलीसाठी पाणी वेगळं न्यायची सोय बघते.

गौरी_चेंबूर

समीर, राग मानू नका, तुमच्यावर नाही, पण बाहेरून काच पुसायचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आमच्या बिल्डिंगमध्ये कामाच्या बायकांना खिडकीबाहेर छज्जावर उतरून काचा पुसायला सांगतात. हातात ओलं फडकं, पायात काही नाही, एक हात ग्रीलला. बोललं तर उत्तर येतं की ती स्वतःच उतरते, आम्ही सांगत नाही. ती का उतरते? कारण बाहेरून डाग राहिला की बोलणी तिला बसतात. फडकं कुठलं यापेक्षा ते कोणाच्या हातात देऊन कुठे उभं करतोय हे आधी बघा. माणूस त्या काचेपेक्षा मोठा आहे.

दोरीवरचा_माणूस

गौरीताई, शंभर टक्के. आम्ही दोन दोऱ्यांवर असतो, एक कामाची, एक जिवाची, वर दोरी बांधायला दोन वेगळे अँकर, आणि तरीही वर एक माणूस लक्ष ठेवून असतो. स्क्वीजी आणि फडकंसुद्धा पट्ट्याला दोरीने बांधलेलं असतं, कारण खाली माणसं चालतात. एवढं करून आम्ही उतरतो, आणि घराघरांत बायका नुसत्या छज्जावर. लांब दांड्याचं मॅग्नेटिक किंवा वळणारं वायपर मिळतं ते घ्या, नाही पोचलं तर ती काच राहू द्या.

समीर_वर्सोवा

अजिबात राग नाही. आमच्याकडे बाहेरून पुसत नाहीत, स्लायडिंग आत ओढून जेवढं पोचतं तेवढंच. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडतो, वर्षातून एकदा दोरीवाल्यांना बोलावून सगळ्यांचं एकदम करून घेता येईल.

हेरंब_पुणे

मायक्रोफायबर धुतलं की प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात, ते पुढे नाल्यात आणि समुद्रात. याचा विचार कोणी करतंय का? कॉटन असताना प्लास्टिक कशाला?

रश्मी_लॉन्ड्री

हेरंब, मुद्दा खरा आहे. पण दुसरी बाजू पण बघा, मायक्रोफायबर नुसत्या पाण्यावर काम करतं, केमिकलचे फवारे कमी लागतात. आणि कमी वेळा, गच्च भरलेल्या मशीनमध्ये, सौम्य सायकलवर धुतलं तर तंतू कमी सुटतात. चांगलं घ्या आणि ते जास्त दिवस टिकवा, स्वस्त गठ्ठा घेऊन महिन्यात फेकणं सगळ्यात वाईट.

हेरंब_पुणे

हे पटलं. तरी मी कॉटनच्याच बाजूने.

उदय_हॅरो

इंग्लंडमधून. इथले जुने खिडकीवाले स्क्रिम वापरतात, लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं विरळ विणलेलं कापड. नवं असताना खरखरीत, जितकं धुवाल तितकं चांगलं होत जातं, आणि जुनं स्क्रिम ते कोणाला देत नाहीत. चामड्याची शॅमी पण असते, आता ती मेंढीच्या कातड्याची बनते, माशाच्या तेलात कमावलेली. तुमच्या दमट हवेत ती टिकणार नाही, घेऊ नका.

नंदा_गोरेगाव

उशीर झाला उत्तर द्यायला. सगळ्यांचं वाचून नमुने आणले आणि एका ऑफिसच्या एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काचांना वेगवेगळं वापरून पाहिलं. सकाळी पुसलं आणि पश्चिमेचं ऊन येईपर्यंत थांबले, कारण रेघ तेव्हाच दिसते.

स्क्वीजीने फरक सगळ्यात जास्त पडला, फडकं कुठलंही असो. पोरांना वळण यायला थोडा वेळ लागेल पण त्यातला एक तर दुपारपर्यंत नागमोडी हात चालवायला लागला, इतका खूश होता. कडांना आईचं धोतर आणि सपाट मायक्रोफायबर दोन्ही सारखंच, मला फरक दिसला नाही. बोटांच्या ठशांना मायक्रोफायबर पुढे. ट्रॅकला टेरी. जुनी रंगीत फडकी तळहातावर फिरवून पाहिली, अजिबात अडकत नाहीत, चिन्मयचा अंदाज बरोबर होता, ती आता जिन्यांच्या कठड्यांना.

तर माणशी असं ठरवतेय: काचेसाठी सपाट विणीची मायक्रोफायबर, दिवसाला सहा. रबर पुसायला एक बनियनचं. ट्रॅकला दोन टेरी. काचेची सगळी निळी, म्हणजे टॉयलेटची लाल आणि काचेची कधी एकत्र होणार नाहीत. आणि ओटीच्या कापडाचे थोडे तुकडे शिवून बघणार, चांगले निघाले तर उन्हाळ्यात कॉटनवर जाईन. दोरीवरचे दादा, सहा पुरतील का?

दोरीवरचा_माणूस

आतल्या कामाला सहा कमी पडतील, दहा द्या. पोराकडे फडकी कमी असली की तो मळकी बाजू परत वापरतो, त्याचा दोष नसतो. वापरलेल्या फडक्यांची पिशवी वेगळी, कमरेला. आणि मायक्रोफायबरला शिवलेलं लेबल असतं ते आधी उसवून टाका, कडक असतं, काचेला घासतं.

चिन्मय_डोंबिवली

लॉट घेताना गठ्ठ्यातलं मधलं एक काढून तळहाताची परीक्षा करा, वरचं नाही.

नंदा_गोरेगाव

दहा करते. सिस्टर, प्रिन्सेस स्ट्रीटला रविवारी दुकानं उघडी असतात का?

सिस्टर_परळ

रविवारी बंद. शनिवारी सकाळी जा, आणि कापड धुतल्यावर आटतं, मीटरमागे थोडं जास्त घे.